बॉयलरशेजारची खोली

नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून डब्लिनला आले तेव्हा माझ्या सामानात पोळपाट-लाटणं होतं, बी.एड.ची पदवी होती आणि आपण गणित झकास शिकवतो ही घमेंड होती. पोळपाट पहिल्याच संध्याकाळी कामाला आलं. पदवी कागदपत्रांच्या फेऱ्यांत काही वर्षं अडकली. घमेंड मात्र मला कधी कमी पडली नाही. आयरिश भाषा येत नसल्यामुळे प्राथमिक शाळेत स्वतःचा वर्ग मिळणं शक्य नव्हतं, पण २०२०च्या सुरुवातीला आमच्या क्लोनडॉकिनच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या एका शाळेत मला सपोर्ट टीचरचं काम मिळालं. जी मुलं मागे पडतात त्यांना थोडं वेगळं घेऊन शिकवायचं, असं ते काम. मी खूश झाले. पेढे मिळेनात म्हणून शेजाऱ्यांना शिरा वाटला.

आणि शाळेत सगळ्यांची तोंडओळख होतेय तोवर कोरोना आला, शाळा बंद झाली.

मुलांची पुस्तकं वर्गातच राहिली होती. ती घरोघरी पोचवायचं ठरलं. आमच्या शाळेत एक शिक्षिका अशा होत्या की त्यांना वर्गच नव्हता. घरी जाऊन आईवडिलांशी बोलायचं, शाळा आणि घर यांच्यात दुवा ठेवायचा, हेच त्यांचं काम. मी त्यांना मनातल्या मनात घरभेटीच्या बाई म्हणायचे. त्यांनी मला विचारलं, "साइटवर येशील का माझ्याबरोबर?"

साइट म्हणजे ट्रॅव्हलर लोकांची वस्ती. ट्रॅव्हलर हे आयर्लंडचेच, पिढ्यान् पिढ्या इथलेच, पण घोडे आणि गाड्या घेऊन फिरत राहिलेले. सरकारने त्यांना वेगळा समाज म्हणून मान्यता दिली ती अगदी अलीकडे. आता बहुतेक जण एका जागी राहतात, काही घरांत, काही अशा साइटवर, ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात. त्यांच्याबद्दल मी तोवर जे काही ऐकलं होतं ते सगळं इतरांकडून, आणि त्यात चांगलं फारसं काही नव्हतं. गाडीतून उतरताना मी पर्स काखेत घट्ट धरली. घरभेटीच्या बाईंनी ते पाहिलं.

मोटरवेच्या कडेला उंच भिंतीआड ती साइट होती. आत गेले आणि माझ्या स्वयंपाकघराची मला लाज वाटली, इतके ते ट्रेलर लखलखीत. खिडक्यांना लेसचे पडदे, पायऱ्यांवर एक कण माती नाही. एका ट्रेलरच्या दारात माझ्यापेक्षा थोडी लहान असेल अशी एक बाई उभी होती, हाताची घडी घालून. तिच्यामागून एक मुलगी डोकावत होती, बारावं लागायला आलेली, लांब केस, बारीक डोळे. पुस्तकांचा गठ्ठा मी पायरीवर ठेवून मागे सरकले, तेव्हाचे नियमच तसे होते.

"हीच का नवी गणिताची?" आईने घरभेटीच्या बाईंना विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "टीचर, हिला मोठ्या शाळेत जायचंय. नीट शिकवा."

त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं. गाडीत घरभेटीच्या बाईंनी समजावलं. इथे सहावीला प्राथमिक शाळा संपते आणि माध्यमिक सुरू होते, वेगळी इमारत, वेगळे शिक्षक. साइटवरच्या मुली बहुतेक सहावीलाच थांबतात. मग घर, धाकटी भावंडं, आणि लवकर लग्न. या आईची शाळा तशीच सुटली होती. आता मुलगी पाचवीत होती. तिने पुढे जायचं, असं आईने ठरवलं होतं आणि तिच्या जावा, नणंदा, सासू, सगळ्या तिला विचारत होत्या, की कशासाठी? ही मुलगी पुढच्या वर्षी त्या मोठ्या शाळेच्या दारात पोचते की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्या घरात तो फार मोठा होता. मी तिथल्या तिथे मनाशी म्हटलं, ही माझी जबाबदारी. कुणी दिली नव्हती, मीच घेतली.

उन्हाळ्यापर्यंत मी तिला फोनवर शिकवलं. घरात फोन एकच, नेट मधेच जायचं, म्हणून मी गणितं बोलून पाठवायचे आणि ती उत्तरं बोलून पाठवायची. मुलगी हुशार होती असं मी म्हणणार नाही. ती बडबडी होती, भांडकुदळ होती आणि अपूर्णांकांवर तिचा खास राग होता. "टीचर," एकदा तिचा निरोप आला, "देवाशपथ सांगा, सात-अष्टमांश पिझ्झा आजवर कुणी खाल्लाय?" मागून आईचा आवाज, "गप बस आणि गणित कर." मी स्वयंपाकघरात कणीक मळत ऐकत होते, हसता हसता पीठ सांडलं.

सप्टेंबरात शाळा उघडली. सगळीकडे सॅनिटायझरचा वास, खिडक्या सताड उघड्या, मुलं कोट घालून बसलेली. वर्गावर्गांतली मुलं एकमेकांत मिसळू द्यायची नव्हती, त्यामुळे मला वेगवेगळ्या वर्गांतली मुलं एकत्र घेता येईनात. बैठकीत कुणीतरी सुचवलं की साइटवरची मुलं घरी एकत्रच असतात, चुलत-मावस भावंडंच ती, त्यांना एका गटात बसवलं तर धोका वाढायचा प्रश्नच नाही. सगळ्यांना ते एकदम पटलं. मीही मान डोलावली. आणि त्यांच्यासाठी बॉयलरशेजारची छोटी खोली मिळाली तेव्हा मला फारच बरं वाटलं, कारण अख्ख्या शाळेत तीच काय ती उबदार होती.

मी ती खोली सजवली. भिंतीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, अपूर्णांकांचे कागदी गोल कापले. मी पुण्यातली. आमच्याकडे मूल बोलायला लागलं की त्याला क्लास लावतात. चांगल्या शिक्षकांचा क्लास मिळावा म्हणून आईबाप पहाटे उठून रांगेत उभे राहतात, आणि मिळाला की नातेवाइकांना फोन करून सांगतात. वर्गातल्या गर्दीतून मूल बाहेर काढून कुणीतरी त्याच्याकडे वेगळं लक्ष देतंय, यापेक्षा मोठं भाग्य ते कोणतं! माझी स्वतःची मुलगी त्याच शाळेत चौथीत होती. तिला मी खोलीचं कौतुक सांगायला लागले. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते डब्लिनच्या इंग्रजीत. "आई," ती चिप्स खात म्हणाली, "नोबडी वॉन्ट्स टू गो इन देअर. एव्हरीवन नोज हू इट्स फॉर." मी म्हटलं, तोंडात घास असताना बोलू नये.

त्या खोलीत माझी विद्यार्थिनी खरंच पुढे सरकत होती. छेद समान करणं तिला जमायला लागलं होतं. मग ऑक्टोबरअखेरची हॅलोविनची सुट्टी झाली, शाळा पुन्हा भरली आणि ती आलीच नाही. तिची भावंडंही आली नाहीत. आधी वाटलं ताप असेल. तेव्हा शिंक आली तरी मुलं घरी ठेवायचे. मग फोन केला, कुणी उचलेना. दुसरा आठवडा उलटला. सहावीच्या मधेच शाळा सुटली की ती सुटतेच, एवढं मला आता कळलं होतं. शेवटी मी आणि घरभेटीच्या बाई साइटवर गेलो.

आई फाटकापर्यंत आली, पण आत या म्हणाली नाही. मुलगी पायऱ्यांवर बसून धाकट्या भावाच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"ती इथे ग्रँड आहे," आई म्हणाली. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत मजेत.

"पण तिचं आत्ता कुठे जमायला लागलंय," मी म्हणाले. "रोज माझ्याकडे येते. अगदी छान प्रगती आहे."

"कुठे येते?"

"माझ्या खोलीत. बॉयलरशेजारी. शाळेतली सगळ्यात उबदार खोली आहे."

"आणि तिथे आणखी कोण असतं?"

मी नावं सांगायला सुरुवात केली. दोन सांगितली आणि थांबले. सगळी साइटवरची होती. मला ते ठाऊकच होतं, आम्हीच तसं ठरवलं होतं, तरी त्या फाटकाशी उभं राहून ती नावं घेताना माझी जीभ जड झाली.

"मी अकरा वर्षांची होते," ती बाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "रोज सकाळी वर्गाचं दार उघडायचं आणि आम्हाला बाहेर बोलवायचे. ट्रॅव्हलर मुलींनी या. सगळा वर्ग वळून बघायचा. मैदानात पत्र्याची खोली होती. तिथे आम्हाला चित्रं रंगवायला द्यायचे. अकराव्या वर्षी बदकं रंगवायची. बाकीच्या मुली तेव्हा वाचत होत्या, भूगोल करत होत्या. आमच्या टीचर प्रेमळ होत्या बरं का. सगळ्याच प्रेमळ असतात."

मला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि माझा अपमान झाला की मी आधी चिडते, असा माझा स्वभाव आहे. मी बदकं रंगवायला देत नाही, मी छेद समान करायला शिकवते, असं मी म्हणून टाकलं. घरभेटीच्या बाईंनी माझ्या कोटाची बाही ओढली.

"तुम्ही काय शिकवता ते मला माहीत आहे," आई म्हणाली. "फोनवर रोज ऐकत होते मी. चांगलं शिकवता. पण माझी मुलगी परवा घरी येऊन म्हणाली, की मम्मी, मी मठ्ठ आहे का? फोनवर शिकत होती तेव्हा असं कधी नाही विचारलं तिने."

आम्ही निघालो. परतताना गाडीत मी भरपूर बोलले. कोरोनामुळे झालं, हेतू चांगला होता, मला कुणी आधी सांगितलं का नाही, असं सगळं. घरभेटीच्या बाई गाडी चालवत राहिल्या. सिग्नलला थांबल्यावर म्हणाल्या, "मलाही सुचायला हवं होतं. मी त्या बैठकीत होते." घरी आल्यावर नवऱ्यापुढे हेच पुराण पुन्हा लावलं. तो एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला, "अगं, तुम्ही रिक्वायरमेंटच घेतली नाहीत. युजरला न विचारताच डिलिव्हर करून मोकळे झालात." त्याचं बोलणं नेहमी वाकडं लागतं मला, पण त्या दिवशी भाजीला फोडणी घालता घालता ते पटत गेलं. आम्ही मुलांचं तापमान विचारलं होतं, कोण कुणाबरोबर राहतं ते विचारलं होतं. आयांना तुमच्या मुलांना कसं शिकवू, हे कुणीच विचारलं नव्हतं.

घरभेटीच्या बाईंनी मग बैठक जमवली. शाळेच्या आत बाहेरच्यांना परवानगी नव्हती, म्हणून बैठक मैदानात. लांब लांब खुर्च्या टाकून, टोप्या-मफलर घालून आम्ही बसलो. साइटवरच्या तीन आया, मुख्याध्यापिका, सहावीचे वर्गशिक्षक आणि मी. वर्गशिक्षक रिंगास्किडीकडचा, म्हणजे पार दक्षिणेच्या कॉर्क जिल्ह्यातला तरुण मुलगा, त्याचं कॉर्कचं बोलणं मला निम्मं कळायचं, आणि त्या वाऱ्यात तर तेवढंही नाही.

मुख्याध्यापिकांनी सुरुवातीलाच सांगितलं की त्या खोलीचं चुकलं. आया ऐकत राहिल्या. मग माझ्या विद्यार्थिनीची आई म्हणाली, "खोली नको. टीचरला वर्गात पाठवा."

वर्गशिक्षक म्हणाला, वर्गात आणखी एक मोठं माणूस म्हणजे नियमांचा प्रश्न. मीही त्याचीच री ओढली, खरं सांगायचं तर. मला गोंगाटात शिकवता येत नाही. एकीकडे इतिहास चाललाय आणि दुसरीकडे मी अपूर्णांक, हे कसं जमायचं? शिवाय वर्गात सगळ्यांसमोर एकट्या तिच्याशेजारी जाऊन बसले, तर तेही बोट दाखवणंच झालं.

"एकट्या तिच्याशेजारी कशाला?" आई म्हणाली. "घरांत राहणाऱ्यांच्या सगळ्या मुलांना अपूर्णांक येतात का?"

वर्गशिक्षकाने डोकं खाजवलं आणि तो मोठ्याने हसला. म्हणाला, निम्म्यांना येत नाहीत. मग तिथेच, नाकं लाल होईपर्यंत बसून, ठरलं. वर्गात मागे एक टेबल टाकायचं. ज्याला गणित अडेल त्याने तिथे यायचं, कुणीही असो. मी तोंडावर मास्क लावून तिथे बसायचं. आणि दर पंधरवड्याला आयांनी मैदानात यायचं आणि कसं चाललंय ते आम्हाला सांगायचं. आम्ही त्यांना नाही, त्यांनी आम्हाला.

मुलगी सोमवारी शाळेत आली. माझ्याकडे बघितलं नाही. मागच्या टेबलाकडेही फिरकली नाही. चार-पाच दिवस तिथे दुसरीच मुलं येत होती, त्यांत नागपूरच्या एका कुटुंबातली मुलगी होती, गणितात अगदीच कच्ची. ती आणि दुसरी दोघं माझे कागदी गोल घेऊन खिदळत बसली होती, तेव्हा माझी विद्यार्थिनी आपणहून उठून आली, खुर्ची ओढली आणि त्या मुलीला म्हणाली, "असं नाही करायचं, मूर्ख. आधी खालचा आकडा सारखा कर." मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मास्कने ते झाकले जात नाहीत.

त्या आठवड्यातच नागपूरच्या मुलीच्या आईचा फोन आला. "ताई, तुम्ही आपल्या आहात म्हणून बोलते. आमच्या मुलीला त्या लोकांच्या टेबलवर बसवलंय म्हणे. जस्ट विचारतेय हो. म्हणजे मिक्स होऊ नये असं नाही, पण पुढे कसं दिसतं ना ते?"

"कुणाला कसं दिसतं?" मी विचारलं.

"तसं नाही हो."

"ते टेबल अपूर्णांक न येणाऱ्यांचं आहे," मी म्हणाले. "तुमच्या मुलीला येत नाहीत. आले की उठवते." मी फोन ठेवला. त्या बाईंचा राग आला होता, आणि मार्चमध्ये काखेत धरलेली माझी पर्सही आठवली होती.

जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाली. या वेळी आम्ही विचारण्याची वाट कुणी पाहिली नाही. आयांनीच घरभेटीच्या बाईंना कळवलं की टीचरला इकडे पाठवा, भिंतीशी उभी राहून शिकवू दे, आम्ही मुलांना लांब लांब बसवतो. माझं घर जवळ होतं, परवानगी मिळाली. मी मोजे, दोन स्वेटर आणि चहाचा थर्मास घेऊन जायचे. साइटच्या उंच भिंतीला त्यांनी एक पांढरा फळा टांगला होता. मुलं घोंगड्या पांघरून बादल्यांवर, ट्रेलरच्या पायऱ्यांवर बसायची. आई दारात उभी असायची, हाताची घडी घालून, आणि मी भरभर पुढे गेले की ओरडायची, "टीचर, थांबा, मधल्या रांगेला कळलेलं नाही!" तिचं बरोबर असायचं. मी इतकी वर्षं शिकवत आले, पण वर्गात मागे उभं राहून मला असं थांबवणारं कुणी मिळालं नव्हतं. पहिले दोन दिवस मला राग आला. नंतर मी लिहून झालं की आधी तिच्याकडेच बघायला लागले.

शाळा उघडली, वसंत आला, आणि जे मला सुटलं असं वाटत होतं ते पुन्हा गुंतलं. मुलगीच म्हणायला लागली की तिला मोठ्या शाळेत जायचं नाही. तिची एक वर्षाने मोठी मावसबहीण गेली नव्हती. बरोबरीची दुसरी कुणी जाणार नव्हती. "मी एकटीच तिथे काय करू?" ती मागच्या टेबलावर पेन्सिल कुरतडत म्हणाली. आता तिला अपूर्णांक येत होते. पण प्रश्न अपूर्णांकांचा नव्हता. आई म्हणाली, "मी ढकलणार नाही तिला. ढकलून काय होतं ते मी पाहिलंय. बघून येऊ एकदा. मग ती म्हणेल तसं."

मे महिन्यात आई, मुलगी, घरभेटीच्या बाई आणि मी अशा आम्ही चौघी ती शाळा बघायला गेलो. तिथल्या उपमुख्याध्यापिका मैदानात भेटल्या. मनमिळाऊ बाई होत्या. खेळाचं मैदान दाखवलं, शिवणाचा वर्ग खिडकीतून दाखवला. मुलगी आईला खेटून चालत होती. मग त्या बाई तिच्याकडे वाकून, अगदी मायेने म्हणाल्या, "आणि तुमच्या मुलींसाठी आमच्याकडे एक छानशी वेगळी खोली आहे. सोफा आहे, किटली आहे. वर्गात कधी अवघड वाटलं तर दिवसभर तिथे बसू शकतेस."

मी घरभेटीच्या बाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी तोंड उघडलं. आईने माझ्या दंडावर हात ठेवला. नियम होते, तोवर आम्ही एकमेकींना कधी स्पर्श केला नव्हता.

"थँक्यू," ती उपमुख्याध्यापिकांना म्हणाली. "सोफा आमच्याकडे घरी आहे. ही आली तर बाकीच्या मुली बसतात तिथे बसेल. अडलं तर शिकवणाऱ्या बाईंना वर्गात पाठवा. मागे एक टेबल टाका आणि ज्याला येत नाही त्याला तिथे बोलवा. या टीचरना विचारा, जमतं ते."

"जमतं," मी म्हणाले. "थोडा गोंगाट होतो."

उपमुख्याध्यापिका चांगल्या माणूस होत्या. त्यांनी वाद घातला नाही. कसं करता ते मला एकदा सांगायला याल का, असं त्यांनी आईला विचारलं, मला नाही. आई म्हणाली, येईन. मग आम्ही साइटवर परतलो. गाडीतून उतरताना मुलगी एवढंच म्हणाली, "बघू."

त्या 'बघू'वर आमचा उन्हाळा गेला. जुलैत ते सगळे गाड्यांना ट्रेलर जोडून पश्चिमेकडे गेले, दर उन्हाळ्यात जातात तसे, नातेवाइकांकडे, घोड्यांकडे. मी संध्याकाळी फिरायला निघाले की पाय आपोआप मोटरवेच्या बाजूला वळायचे. फाटकातून त्यांची जागा रिकामी दिसायची. फोन लागत नव्हता. ऑगस्ट संपत आला तरी जागा रिकामीच. नवरा म्हणाला, "तू तुझं काम केलंस, आता सोड." मी सोडलं नाही. माझं काम संपलं होतं, हे खरं होतं. मला कामासाठी नाही, त्या मुलीसाठीच वाईट वाटत होतं.

मोठी शाळा भरायच्या दिवशी आमची शाळा अजून सुरू व्हायची होती. कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी सकाळी तिथे गेले. बारीक पाऊस होता. रस्त्यापलीकडे उभी राहिले. मुलामुलींचे लोंढे येत होते, सगळ्यांच्या अंगात तीच गडद हिरवी जर्सी, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. मी एकेक चेहरा बघत होते. आणि मग फाटकाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी असलेली आई दिसली. कोट प्रवासातच चुरगळलेला, केस विंचरायलाही वेळ मिळाला नसावा. ते रात्रभर गाडी चालवून आले होते.

मी जवळ गेले. "आली?"

"आली," ती म्हणाली. "परवा स्वतःच म्हणाली, चला परत. आत गेली आत्ताच. मला म्हणाली, मम्मी, तू इथेच थांब, आत येऊ नकोस."

आत मैदानात घंटेची वाट बघत सगळा घोळका उभा होता. सगळ्या हिरव्या पाठी, बांधलेले केस, पाठीवर दप्तरं. आई जाळीला नाक लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत होती. पुन्हा बघितलं. घंटा झाली, घोळका दाराकडे सरकायला लागला, आणि ती माझ्याकडे वळली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"मला सापडतच नाहीये ती," ती म्हणाली. "सगळ्या एकसारख्याच दिसतायत."

मीही डोळे ताणून बघितलं. मलाही सापडली नाही.